सात नंबर खोलीतील चवदोषाचे मूळ कारण

जगात निर्दोष वस्तू नसते. निर्दोष कागद मात्र असू शकतो, आणि तो असला की वस्तूकडे फारसं कुणी बघत नाही. मी जुबैलच्या एका प्रकल्पावर पाइपच्या जोडांचा गुणवत्ता निरीक्षक आहे. (वेल्डर जोड मारतो, मी तो बघतो, आणि मी बघितला की नाही हे बघायला आणखी एकजण असतो.) या नोकरीत केस पांढरे करून मी जे शिकलो ते वरच्या दोन वाक्यांत आलं. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. पण सुरू केलेला अहवाल पुरा करायचा अशी मला सवय आहे.

हा अहवाल एका प्लास्टिकच्या ड्रमबद्दल आहे. ड्रम माझा. पांढरा, लाल झाकणाचा. तो ठेवायचा की फेकायचा, एवढाच प्रश्न होता. पण कुठलाही प्रश्न थेट विचारणं आमच्या धंद्यात अडाणीपणाचं समजतात, म्हणून आधी समिती नेमली गेली आणि तिने बियरच्या चवीपासून सुरुवात केली.

सौदीत दारूला कायद्याने बंदी आहे. पिणाऱ्याला, करणाऱ्याला आणि जवळ बाळगणाऱ्याला शिक्षा आहे, आणि ती भोगून झाली की परतीचं विमान आहे. कायदा आम्हाला मान्य होता. त्यामुळे आमच्या कॅम्पातल्या सात नंबर खोलीत जी बियर होत असे, तिच्या बाबतीत हा एक कायदा सोडून बाकी सगळे नियम काटेकोर पाळले जात. एवढे नियम प्रकल्पावर पाळले गेले असते तर निरीक्षक म्हणून माझी कुणाला गरज पडली नसती.

कृती सांगत नाही. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, बिनदारूचं मॉल्टचं पेय मिळतं. त्यात जी उणीव असते ती साखर, पावाचं यीस्ट आणि धीर यांनी भरून निघते. यातला फक्त धीर तेवढा वाण्याकडे मिळत नाही.

खोलीत आम्ही चौघं. जगदीश सांगलीकडचा, सेफ्टी ऑफिसर. त्याच्या गळ्यात झोपेतसुद्धा शिट्टी असते. चंदन चिपळूणचा, पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. मुझम्मिल मंडणगडचा, स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर. तो नमाज न चुकवणारा माणूस, बियरला बोट लावत नाही. म्हणून आम्ही त्याला स्वतंत्र निरीक्षक नेमलं. मालाशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा निरीक्षक बाहेरून आणायचा तर कंपनीला तो भारी पडतो. आमचा खोलीतच होता. चौथा मी, तुकाराम, गुहागर तालुक्यातला.

आता ड्रम. तो माझ्या बायकोचा, शेवंताचा. दर सुट्टीला ती त्यात आंब्याचं लोणचं भरून द्यायची. विमानात सामान किती न्यायचं ते कंपनी ठरवते. त्यात कपडे किती आणि लोणचं किती हे शेवंता ठरवायची, आणि तिच्या वाटपात कपड्यांना फार वाव नसे. दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाला दर वेळी झाकण उघडायला लावायचा, नाक आत घालायचा, शिंकायचा आणि जा म्हणायचा. मी कॅम्पात पोचून बूट काढेपर्यंत तिचा फोन आलेला असे.

"मीठ बरोबर आहे ना?"

"ठीक आहे."

"ठीक म्हंजे? बरं झालंय म्हणा की. मी काय पाइप आहे?"

"मंजूर."

"द्या तो फोन मुझम्मिलभावजींना."

मुझम्मिल मग तिला लोणच्याची फोड किती करकरीत आहे, खार किती सुटलाय, हिंग कसा लागतोय, असं बरंच सांगायचा. त्यामुळे पुढच्या वर्षी एक बरणी मंडणगडला त्याच्या बायकोकडे, कुबराकडे, जायची. माझ्याकडे ड्रम यायचा तो मी नवरा म्हणून.

बियरबद्दल मी शेवंताला कधी सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं.

शेवंता गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या सुट्टीत तिने दिलेलं लोणचं आम्ही पुरवून पुरवून खाल्लं, तरी संपलं. मी ड्रम गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला आणि खाटेखाली ठेवला.

इथे कॅम्पचा नियम आडवा आला. खोलीत रिकामी भांडी, खोकी, ड्रम ठेवायला मनाई आहे. त्यात झुरळं राहतात. (भरलेल्या भांड्यांतही राहतात, पण त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे.) कॅम्प बॉस इमाद हा इजिप्तचा, स्वभावाने चांगला. तो तपासणीला आला, वाकला, ड्रमवर टिचकी मारली.

"हाझा खाली. यल्ला, बर्रा."

खाली म्हणजे रिकामा, बर्रा म्हणजे बाहेर. हे समजायला अरबी यावं लागत नाही.

"इमादभाई, ये मेरी बीवी का है," मी म्हणालो.

"बीवी किधर?"

मी ड्रम खाटेखाली आणखी आत सरकवला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या तपासणीपर्यंत मुदत दिली.

नियम नीट वाचला की त्यातूनच वाट निघते. नियम रिकाम्या ड्रमबद्दल होता. त्याच सुमारास बियर करायचा जुना प्लास्टिकचा कॅन तळाला तडकला. मी ड्रम पुढे केला. रिकामा ड्रम ठेवणं हा अपराध होता. बेकायदा बियरने भरलेला ड्रम नियमात बसत होता. जगदीशने त्यावर हिरवी चिठ्ठी लावली, इंग्रजीत आणि अरबीत: "आपत्कालीन डोळे धुण्याचे पाणी. अन्य कामासाठी वापरू नये." पुढच्या तपासणीला इमादने चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. सबंध कॅम्पात डोळे धुण्याची सोय असलेली ही एकच खोली होती. आम्हाला त्या महिन्याच्या उत्तम खोलीचं प्रमाणपत्र मिळालं. ते भिंतीवर आहे, ड्रमच्या बरोबर वर. तेव्हापासून खोलीत बियरला सगळे आयवॉश म्हणू लागले.

तक्रार आली ती रोमेलकडून. रोमेल हा बारा नंबर खोलीतला फिलिपिनो क्रेन ऑपरेटर. सुट्टीच्या दिवशी तो आमचे केस कापतो आणि बदल्यात आयवॉश घेऊन जातो. नव्या ड्रममधली पहिली खेप घेऊन तो दुसऱ्या दिवशी परत आला.

"सदिक, धिस वन माफी कोइस." म्हणजे मित्रा, हे काही बरं नाही.

"व्हॉट प्रॉब्लेम?" जगदीशने वही काढली. "सेम सेम व्हिनेगर?"

"नो."

"सेम सेम पेंट?"

"नो, नो." रोमेलने डोळे मिटून आणखी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात फिरवला. "सेम सेम युवर रूम."

जगदीशने नोंद केली: तक्रार अस्पष्ट.

आम्ही तपासलं. तिघांनी पिऊन, मुझम्मिलने नुसतं हुंगून. कुणालाच काही वेगळं आढळलं नाही. चार निरीक्षक, चार सह्या, दोष शून्य. तरी त्या शुक्रवारी रोमेलने चंदनचे केस असे कापले की तो आठवडाभर मेसमध्ये हेल्मेट घालून जेवला. ग्राहकाची नाराजी नोंदवण्याची ही पद्धत मला आमच्या छापील अर्जापेक्षा परिणामकारक वाटली. समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मी.

प्रकल्पावर तपास कसे होतात ते इथे सांगायला हवं, म्हणजे आमच्या समितीचं मोठेपण लक्षात येईल. गेल्या वर्षी प्रकल्पावर जेवढे तपास झाले त्यांत शंभर टक्के वेळा मूळ कारण "प्रशिक्षणाचा अभाव" हेच निघालं. (एका प्रकरणात पाइप उंटाने पाडला होता. उंटाचं प्रशिक्षण कोणत्या खात्याने घ्यायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे.) उपाय नेहमी एकच: सकाळी सगळ्यांना उन्हात उभं करून सूचना वाचून दाखवायची. ऐकणारे बसमधून अर्धवट झोपेत उतरलेले असतात. मग कागद फिरतो आणि "वाचले, समजले" याच्याखाली प्रत्येकजण सही करतो. एकदा सहीचा कागद आधी फिरला आणि सूचना वाचायचीच राहिली. काही फरक पडला नाही.

सात नंबर खोलीत असं चालणार नव्हतं. बियर आम्हालाच प्यायची होती.

पहिला संशय पाण्यावर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असलं तर बियरला दवाखान्याची चव लागते, जखमेवरची पट्टी चोखल्यासारखी. चंदन प्लांटवर पाण्याच्या टाकीकडे लांबून बघून "ठीक" लिहितो. खोलीत त्याने पाण्यात पट्ट्या बुडवल्या, रंग जुळवले, उजेडात धरले, पुन्हा बुडवले, आणि नळाचं पाणी नापास केलं. बाटलीबंद पाणी आलं. दवाखाना गेला. रोमेल आला, प्याला, म्हणाला, "सेम सेम युवर रूम."

दुसरा संशय उष्णतेवर. यीस्टला फार उकडलं की बियरला नखांवरचा रंग पुसायच्या पाण्याचा वास येतो. खोलीतला एसी सगळ्यात खाली आणला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि आत आम्ही कानटोप्या घालून, ब्लँकेटं गुंडाळून. ड्रम मजेत होता. मुझम्मिलची मुलगी इकरा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अब्बू, आर यू इन काश्मीर?" अब्बूने दात वाजवत सांगितलं की ऑफिसचं काम आहे. नखांचा वासही गेला. रोमेल आपल्या म्हणण्यावर ठाम.

तिसरा संशय जंतूंवर. यासाठी जगदीशने झाकण उघडण्याचा परवाना सुरू केला. परवान्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. उघडणाऱ्याने हातमोजे, चष्मा आणि डोक्याला जाळी घालायची, आणि शेजारी एका माणसाने अग्निशामक घेऊन लक्ष ठेवत उभं राहायचं. बियर पेटत नाही हे चंदनने दाखवून दिलं, पण परवान्याच्या नमुन्यात तशी जागा होती आणि जागा मोकळी सोडता येत नाही. उभं राहायला मुझम्मिलला नेमलं, कारण त्याचे हात मोकळे असत.

"कयामतीच्या दिवशी मला विचारलं ना," मुझम्मिल अग्निशामक सावरत म्हणाला, "तर मी सेफ्टी ऑफिसरचं नाव सांगणार हां. आताच सांगून ठेवतोय."

"सांग की," जगदीश म्हणाला. "पण आधी इथं सही कर."

चौथा संशय हवेवर. बियरमध्ये हवा शिरली की तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून ड्रम हलू नये अशी व्यवस्था झाली. खोलीत पावलं हळू टाकायची, खाटेवर धपकन बसायचं नाही, शिंक आली तर बाहेर जायचं. आजारी माणसाच्या घरात वागतात तसे आम्ही वागत होतो. मला ते जमत होतं. शेवंताच्या आजारपणात तसं वागायची वेळ माझ्यावर आली नव्हती, मी इथे होतो.

हे नोंदवलं पाहिजे की हे सगळे दोष खरे होते आणि ते खरोखर गेले. बियर इतकी स्वच्छ झाली की उरलेला एक दोष आता लपायला जागा न राहिल्यामुळे उघडा पडला. रोमेल आता पहिल्याच घोटाला मान हलवायचा. आणि आम्हा तिघांना अजूनही काही कळत नव्हतं. मुझम्मिल तेवढ्यात सुट्टीवर गावी गेला होता, त्यामुळे स्वतंत्र निरीक्षकाची जागा रिकामी होती.

तो शुक्रवारी दुपारी परत आला. दम्मामलाच जुम्म्याची नमाज पढून, कंपनीच्या गाडीने. ड्रम त्या दिवशी धुऊन पालथा घातलेला होता. मुझम्मिलने दार उघडलं आणि बॅग हातात तशीच धरून उंबऱ्यात थांबला.

"वहिनींचं लोणचं कुठनं आलं?"

"कुठलं लोणचं?" चंदन म्हणाला.

"अरे, वास येतोय की. दारापासनं येतोय. नाक मेलंय काय तुमचं?"

तो आत आला. आधी माझी खाट हुंगली, मग पडदा, मग चंदनचं ब्लँकेट. (चंदन हरकत घेत होता.) मग तो ड्रमजवळ गुडघ्यांवर बसला, ड्रम सरळ केला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"हितनं," तो आतूनच म्हणाला.

प्लास्टिक वास धरतं. लोणच्याचा ड्रम कितीही धुतला तरी त्यात बियर करू नये, हे बियर करणाऱ्या कुणालाही माहीत असतं, आम्हालाही होतं. पण आम्हाला तो लोणच्याचा ड्रम आहे असं वाटतच नव्हतं. आम्हाला तो खोलीचा वास वाटत होता. रोमेलने पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतं आणि आम्ही ते अस्पष्ट म्हणून लिहून घेतलं होतं. निरीक्षकाने स्वतःच्या राहत्या जागेचं निरीक्षण करू नये असा नियम प्रकल्पावर आहे. मला वाटायचं तो लाचेमुळे केला असेल. तो नाकामुळे केलेला आहे.

जगदीशने हुंगलं, मान डोलावली. महिनाभर बाहेरची हवा खाऊन आलेल्या मुझम्मिलने दाखवल्यावर त्याला थोडा आला म्हणे. चंदनलाही आला. मग मी डोकं घातलं. मला बियरचा आला. साबणाचा आला. बाकी काही आलं नाही.

"येतोय ना भाऊ?" मुझम्मिलने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

आता मूळ कारण ठरवणं भाग होतं. त्याची रीत अशी: पाच वेळा "का" विचारायचं. पहिल्या उत्तराला पुन्हा का, त्या उत्तराला पुन्हा का. पाचव्या उत्तरात मूळ कारण असतं असं मानतात. जगदीश खाटेवर कागद घेऊन बसला आणि त्याने आवाज साहेबी केला.

"बियरला परका वास का?"

"ड्रमला लोणच्याचा वास आहे म्हणून," चंदन म्हणाला.

"लोणच्याचा ड्रम बियरला का वापरला?"

"रिकामा ठेवला असता तर इमादने फेकला असता," मी म्हणालो.

"फेकू का दिला नाही?"

"पुन्हा भरून मिळणार नाही म्हणून."

"का मिळणार नाही?" जगदीशने सवयीने विचारलं आणि विचारल्यावर वर बघितलं.

"राहू दे ना," मुझम्मिल म्हणाला.

"भरणारी गेली," मी म्हणालो. "चार झाले. पाचवं विचार."

"तुका, आपण चारवर थांबू या."

"पद्धत पाचाची आहे. अध्यक्ष मी आहे. विचार."

जगदीशने कागदाकडे बघत विचारलं, "का गेली?"

"दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे' असं लिहिलंय."

"ते कारण नाही झालं भाऊ," चंदन पटकन म्हणाला. "ती तर घटना झाली. हृदय का बंद प—"

"गप रे!" जगदीश ओरडला. त्याच्या छातीवरची शिट्टी हलली.

पण चंदन बरोबर होता आणि मी ते समितीला सांगितलं. हृदय बंद पडणं हा डॉक्टरांचा "प्रशिक्षणाचा अभाव" आहे. कुणालाही लागू पडतं आणि कुणाला काही विचारावं लागत नाही. शेवंताला ताप आला. फोनवर म्हणाली, अंग दुखतंय नुसतं, तुमचं शटडाऊनचं काम होऊ दे. तालुक्याने चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्याने चिठ्ठी देऊन कोल्हापूरला पाठवलं. कोल्हापूरला पोचली तेव्हा चिठ्ठ्या सगळ्या होत्या. मी नंतर त्या एकेक तपासल्या. तारीख, वेळ, शिक्का, सही. एकाही कागदात दोष नाही.

मग जगदीशने मान खाली घालून पाचव्या चौकटीत काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. "प्रशिक्षणाचा अभाव."

"चुकून गेलं रे हातनं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "चौकट मोकळी ठेवता येत नाही म्हणून..."

आमच्याकडे काहीच मोकळं ठेवता येत नाही.

मूळ कारण सापडलं की मालाचं काय करायचं ते ठरवावं लागतं. पर्याय चारच असतात: दुरुस्त करा, उतरत्या म्हणजे हलक्या कामाला वापरा, फेका, किंवा आहे तसे स्वीकारा. दुरुस्ती म्हणजे ड्रम सोड्याच्या पाण्यात भिजवून वास काढायचा. चंदनने हे सुचवलं, आणि माझ्याकडे बघून मागे घेतलं. उतरत्या कामाला म्हणजे मोरीत. तेही त्यानेच मागे घेतलं. फेकणं इमादच्या हातात होतं. उरलं आहे तसे स्वीकारणं. त्याला ग्राहकाची संमती लागते. रोमेलला बोलावलं. मुझम्मिलने त्याला ड्रम दाखवला, माझ्याकडे बोट केलं आणि वर आकाशाकडे केलं.

"युवर मॅडम?" रोमेलने मला विचारलं. मी मान हलवली. त्याने छातीवर क्रूस काढला, ग्लास पुढे केला, आधीच्या खेपेतली उरलेली बियर सावकाश प्याला. "ओके. सेम सेम युवर रूम, ओके. नो प्रॉब्लेम."

निर्णय नोंदवला गेला: आहे तसे स्वीकारावे. पुढच्या वेळी चंदनचे केस दोन्ही बाजूंनी सारखे होते.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. मी ग्लास भरून घ्यायचो आणि बाकीचे तोंडाकडे बघायचे. "आला?" चंदन विचारायचा. "हिंग पुढे आहे आज," मुझम्मिल लांबूनच हुंगून सांगायचा. मला न येणारा वास ते मला वाचून दाखवत होते. खेपेमागून खेप झाली. मग एका शुक्रवारी रोमेल बाटली नाचवत आला.

"सदिक! नाऊ नंबर वन! फिनिश! नो मोर युवर रूम!"

आणि त्याने आम्हा सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. त्याला वाटलं आम्ही आनंदाने गप्प झालो आहोत.

चंदनने समजावलं ते मला आधीच कळायला हवं होतं. प्रत्येक खेप थोडा थोडा वास बरोबर घेऊन जाते. ड्रम भरलेला ठेवला म्हणून वाचला, आणि भरलेला ठेवला म्हणूनच त्यातलं जे वाचवायचं ते गेलं. चोरीला गेलं असतं तर तक्रार करता आली असती. ते आम्ही चिअर्स म्हणून प्यायलो होतो. फाइलच्या शेवटच्या पानावर जगदीशने लिहिलं: दोषनिवारण यशस्वी. मी सही केली. माझ्या कारकिर्दीत एखादा दोष मुळापासून गेल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

त्याच दिवशी ड्रम वापरातून काढला. म्हणजे तो रिकामा झाला, म्हणजे पुन्हा इमाद. पाणी भरावं तर उरलासुरला वास धुतला जाणार. वाळू भरावी तर ती वास पिणार. शेवटी मुझम्मिल म्हणाला, "झाकण घट्ट लावा नि राहू द्या." जगदीशने नवी चिठ्ठी लावली: "हवेचा नमुना. उघडू नये."

इमाद आला. वाकला. टिचकी मारली. ड्रम पोकळ वाजला.

"हाझा खाली!"

"नो खाली," जगदीश म्हणाला. "एअर सॅम्पल."

इमादने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"बीवी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने आपल्या कागदावर रिकाम्याच्या रकान्यात केलेली खूण खोडली, भरलेल्याच्या रकान्यात केली आणि आठ नंबर खोलीकडे गेला. प्रकल्पावर इतकी वर्षं मी तपासण्या बघतो आहे. अचूक अशी ही एकच.

बियर आता नव्या कॅनमध्ये होते. तिच्यात कसलाही दोष नाही. ती विकतच्यासारखी लागते, आणि कुणी तिच्याबद्दल काही बोलत नाही. माझी मुलगी रोशनी पुण्याला असते. ती लोणचं दुकानातून आणते. तेही चांगलं असतं.

ड्रम खाटेखाली आहे. आत काही उरलं आहे का ते झाकण उघडून बघता येईल, पण उघडलं की उरलेलं जाईल. शिवाय मला तो वास येणार नाही. त्याला बाहेरचा माणूस लागतो.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी शिफारस द्यावी लागते, ती अशी. ज्यांना घरून अजून कुणी डबा, बरणी, ड्रम, काहीही भरून देतं, त्यांनी आज घरी गेल्यावर दारातच थांबून एकदा श्वास घ्यावा. आणि मीठ बरोबर आहे का असं कुणी विचारलं तर "ठीक आहे" असं उत्तर देऊ नये. तुम्ही दारात थांबाल आणि तुम्हाला कसलाही वास येणार नाही, कारण तुम्ही तिथे राहता. मग तुम्ही आत जाऊन जेवायला बसाल आणि ठीक आहे म्हणाल. त्याबद्दल तुम्हाला कुणी जबाबदार धरणार नाही. तुम्ही इथपर्यंत आलात, म्हणजे "वाचले, समजले" याच्याखाली तुमची सही झाली असं मी धरतो. कागद पुढे द्या.